मेजरच्या दारातली गुप्त घागर

गुप्तदान कसं करावं, याबद्दल मी शेजाऱ्याचा सल्ला घेतला. तिथंच ते गुप्त राहिलं नाही, पण हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

साल दोन हजार सोळा, महिना चैत्र. आमचं गाव दिंद्रुडपासून कोसभर आत. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले. जनावरं छावणीत, ऊसतोडीला गेलेली जवान माणसं तिकडेच काही काम शोधून थांबलेली. गावात उरलो आम्ही म्हातारे, थोडी बायकामुलं आणि दूध संस्थेचं संचालक मंडळ. संस्थेत दिवसाला चाळीस लिटर दूध यायचं आणि संचालक आम्ही अकरा. त्यात मी अठरा वर्षं आहे. चाळिशी उलटल्यावर साक्षरता वर्गात बसून अक्षरं शिकलो आणि निवडणुकीचा अर्ज स्वतःच्या हातानं भरला, त्यामुळे कागदाला मी भीत नाही. कागदानं मला थोडं भ्यावं अशी अपेक्षा असते, ती अजून पुरी झालेली नाही.

पाण्याचं असं होतं. दोन दिवसाआड सरकारी टँकर यायचा आणि गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. टँकरचा पाईप बाहेर निघायच्या आत चाळीस दोर आणि चाळीस पोहरे विहिरीत पडायचे. काठावर रेटारेटी एवढी की एकदा आमच्या उपसरपंचांचं धोतर कुणाच्या तरी पोहऱ्याबरोबर खाली गेलं आणि भिजून वर आलं. ज्याच्या पोहऱ्यात आलं त्यानं ते आधी आपल्या घागरीवर नीट पिळून घेतलं आणि मग परत केलं. उपसरपंच तोवर विहिरीकडे पाठ करून उभे होते.

या रेटारेटीत मेजर नसायचे. मेजर म्हणजे सिद्धलिंग. फौजेत ते हवालदार होते. पण फौजेतून जो परत येतो त्याला आमच्याकडे गावच मेजर करतं, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. वीस वर्षं नोकरी करून, सुरुंगावर उजवा पाय गुडघ्याखाली गमावून ते गावी आले. घरात ते आणि त्यांची आई मल्लम्मा, वय पंच्याऐंशी. नकली पायावर मेजर चालतात, सायकल चालवतात, झेंडावंदनाला आमच्यापेक्षा ताठ उभे राहतात. पण ओल्या काठावर चाळीस जणांच्या ढकलाढकलीत दोर ओढणं त्या पायाला जमत नाही. लोक म्हणायचे, "मेजर, तुमी व्हा पुढं." मेजर म्हणायचे, "लाईन असंल तर लाईनीत उभा ऱ्हातो. लाईनच न्हाई, तर पुढं कुणाच्या होऊ?" आणि ते सगळ्यांच्या मागे एकटेच लाईन करून उभे राहायचे. त्यांची पाळी यायची तेव्हा विहिरीत गाळ आणि एखादी चप्पल शिल्लक असायची.

गावाचं मेजरवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. दर झेंडावंदनाला आम्ही त्यांना शाल आणि नारळ देत आलो. सात शाली झाल्या होत्या. बीड जिल्ह्यात, चव्वेचाळीस डिग्रीत, सात शाली.

एक दिवस माझी बायको रुक्मिणीबाई मल्लम्माकडे जाऊन आली. जेवताना म्हणाली, "मेजर गाव सोडायलेत. अक्षय तृतीयेपस्तोर पाण्याचं जमलं न्हाई तर घराला कुलूप घालून म्हातारीला सोलापूरला पुतण्याकडं नेणार म्हनं."

"आणि मल्लम्मा?"

"ती म्हनती, ज्या उंबऱ्यातनं लग्न होऊन आत आले त्यातनं चालत भाईर पडणार न्हाई. न्यायचं तर चौघांनी खांद्यावर न्या."

दोघंही शब्दाची पक्की. अक्षय तृतीयेला वीस दिवस होते.

"तुमी सव्वीस जानेवारीला भाषणात काय म्हनला होता?" रुक्मिणीबाईनं विचारलं.

मी भाकरीकडे पाहिलं.

"'गाव या जवानाचे उपकार जल्मात इसरणार न्हाई.' तीन म्हयन्यात इसरला की."

आमच्या अंगणात एक बोअर आहे. त्याचं वागणं म्हाताऱ्या माणसासारखं. पहाटे आधी बराच वेळ खोकतं, मग मनात आलं तर तीन घागरी पाणी देतं आणि पुन्हा दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहतं. त्यातली एक घागर रोज मेजरच्या घरी द्यायची असं आम्ही ठरवलं. पण मेजर हातात घेणार नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत. म्हणून गुपचूप दारात ठेवून यायची.

गुपचूप कधी ठेवावी, हे मी शेजारच्या पंडित गिरणीवाल्याला विचारलं. अर्थात नाव न घेता. म्हटलं, "समजा, एखाद्याच्या दारात काही ठेवायचं असलं, कुणाला न कळता..."

"समजा मेजरच्या?" पंडित म्हणाला.

मी उत्तर दिलं नाही. गुपित राखण्याचा माझा तो पहिला प्रसंग आणि तो मी नीट पार पाडला असं मला तेव्हा वाटलं.

"भर दुपारी ठिवा, अण्णा," पंडित म्हणाला. "राती कुत्री भुकत्यात, सकाळी बाया असत्यात. दुपारी एक ते तीन आपल्या गावात देव बी झोपतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला मी घागर खांद्यावर घेतली. माझ्या वहाणा नव्या होत्या, पाऊल टाकलं की करकर वाजायच्या. गुप्तदानाला जाताना वाजत जाणं बरं नव्हे, म्हणून त्या घरीच काढून ठेवल्या. आमच्या दारापासून मेजरच्या दारापर्यंत एकशे बारा पावलं आहेत. त्या दिवशी मी ती साठेक उड्यांमध्ये केली. खालचा फुफाटा तव्यासारखा तापलेला. प्रत्येक उडीला घागरीतलं थोडं पाणी माझ्या पायांवर पडायचं, तेवढाच आराम. वाटेत गिरणीच्या ओट्यावर पंडित बसलेला. वीज नव्हती, म्हणून गिरणी बंद आणि पंडित चालू.

"कुठं निघालात, अण्णा?"

"जनावराला पाणी दाखवून येतो."

"जनावरं तर छावणीत हायत की."

"येतील परत."

"अन् अनवाणी कावून?"

"नवस हाय," मी म्हणालो आणि पुढची उडी मारली.

मेजरच्या दाराशी घागर ठेवली तेव्हा ती पाऊण भरली होती. दार लोटलेलं, आत सामसूम. मी उड्या मारत परत आलो. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की रामहरीअण्णांना नवस आहे. चौघांनी कोणत्या देवाचा ते विचारलं. एकानं लिंबागणेशच्या गणपतीचा असावा असं परस्पर ठरवूनही टाकलं. मला बरं वाटलं. नवस म्हटल्यावर पुढं रोजच अनवाणी फिरणं आलं, पण घागरीबद्दल कुणीच विचारलं नव्हतं.

आता घागरीबद्दल सांगतो.

आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून भांडी देतात आणि देणारा त्यावर आपलं नाव घालून देतो. भांड्याच्या दुकानातलं मशीन टिंबाटिंबांनी नाव काढून देतं, म्हणजे ते पुढच्या दोन पिढ्या जात नाही. आमच्या थोरल्या मुलाच्या लग्नात अशी सत्तावीस भांडी आली. तेव्हापासून घरात भांड्यांना देणाऱ्याच्याच नावानं हाक मारतात. "घाटनांदूरच्या मामात डाळ टाकली का?" "धाकल्या मावशीला बूड न्हाई राहिलं." ही घागर मोहनरावांनी दिलेली, म्हणून घागरीचं नाव मोहनराव. "मोहनराव भरले का?" हे वाक्य आमच्या घरात रोज पहाटे एकोणीस वर्षं ऐकू येतंय. इतक्या वर्षांत मोहनराव हे एखाद्या माणसाचंही नाव आहे, हे माझ्या ध्यानातून गेलं होतं.

हा माणूस म्हणजे आमच्या दूध संस्थेचा चेअरमन. अठरा वर्षं मी त्यांच्या विरोधात हात वर करत आलो आहे. एकदाच बाजूनं केला, तेव्हा मला झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजर इस्त्रीचे कपडे घालून, राखेनं लख्ख घासलेली रिकामी घागर घेऊन संस्थेत आले. दूध घालायला आलेले पंधरावीस लोक होते. मेजरनी चेअरमनच्या टेबलावर घागर ठेवली.

"काल पाणी ठिवलंत. उपकार झाले. पर उद्या ठिवू नका."

"मी न्हाई ठिवली," मोहनराव म्हणाले.

"नाव तुमचं हाय."

"नाव माझंच हाय, पर..."

"बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. "करून वर न्हाई म्हनायचं! याला म्हनत्यात मोठं मन."

मोहनरावांनी घागर फिरवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. मी दुधाच्या मापाकडे बघत होतो. ज्या फळ्यावर आम्ही दुधाचं फॅट लिहितो त्यावर दहा मिनिटांत 'चेअरमनसाहेबांचे हार्दिक अभिनंदन' असं आलं. दुपारच्या मीटिंगमध्ये अभिनंदनाचा ठराव झाला. त्यावर अनुमोदक म्हणून ज्यानं सही केली तो मी. नकार द्यायला कारण सांगावं लागलं असतं.

घरी रुक्मिणीबाई दारातच उभी. "पाणी गेलं ते पुण्यात गेलं. घागर कुठंय?"

"मोहनरावांकडे."

"मोहनराव मोहनरावांकडं गेलेत?"

"हो."

"मंग उद्या पाणी कशात नेणार, तुमच्या नवसात?"

दुसऱ्या भांड्यांवर मामा, मावश्या, साडू होते. नाव नसलेलं भांडं घरात एकच होतं. संस्थेचा दहा लिटरचा अॅल्युमिनियमचा कॅन, जो मी घासायला म्हणून घरी आणला होता. मी तो पोत्यात गुंडाळून नेला, पाणी मेजरच्या रांजणात ओतून परत आणायचा असा बेत. पण पहिल्याच दिवशी आतून मल्लम्मा खोकली आणि मी कॅन तिथंच टाकून पळालो. कॅनच्या झाकणावर संस्थेचं नाव ठोकलेलं असतं, हे मला धावताना आठवलं.

संस्थेचे सेक्रेटरी उत्तरेश्वर नियमाला फार धरून. त्यांनी तातडीची मीटिंग लावली. "संस्थेची मालमत्ता, दुधाऐवजी पाणी भरून, सभासद नसलेल्या व्यक्तीच्या दारात आढळली. चौकशी लागंल."

"चौकशी कुणी करायची?" मोहनरावांनी विचारलं.

"रामहरीअण्णांनी," उत्तरेश्वर म्हणाले. "त्यांना सध्या नवस चालू हाय. खोटं बोलणार न्हाईत."

ठराव एकमतानं मंजूर झाला. मी एकट्याची समिती झालो आणि स्वतःच्या मागे लागलो. आठ दिवसांनी अहवाल दिला: 'तपास चालू आहे. इसम गावातलाच असावा व त्याचा हेतू वाईट दिसत नाही.' उत्तरेश्वरनी शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि 'हे समितीच्या कामात येत नाही' असा शेरा लिहिला.

इकडे गावात गुप्तदानाची साथ आली होती. न देता चेअरमनचं एवढं नाव झालं, मग देऊन आपलं किती होईल, असा विचार बऱ्याच जणांनी केला असावा. मेजरच्या दारात रोज एकदोन भांडी दिसू लागली. प्रत्येकाचं नाव रस्त्याच्या बाजूला केलेलं. पंडितच्या घागरीवर नाव नव्हतं, त्यानं ते गिरणीवर पाटी रंगवतात त्या लाल रंगानं काढलं. केशरबाईच्या हंड्यावर तिच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव होतं, म्हणजे कैलासवासी माणूसही गुप्तदानात उतरला. मेजर प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारायचे. प्रत्येक जण हात जोडून म्हणायचा, "मी न्हाई बा." कारण मोहनराव असंच म्हणाले होते आणि त्यांना ते फळलं होतं.

घ्यायचं कुणाचं ते कळल्याशिवाय मेजर पाण्याला हात लावीनात. अकरा भांडी झाली. त्यांनी ती उंचीप्रमाणे एका ओळीत लावली, दोन भांड्यांमध्ये सारखं अंतर ठेवून. धूळ पडू नये म्हणून मल्लम्मानं त्यांच्यावर शाली पांघरल्या. सात भांड्यांना शाली पुरल्या, चार उघडी राहिली.

अशा वेळी तालुक्याहून टंचाईचे साहेब आले. टँकर नीट येतो का हे बघायला. गाडीतून उतरले ते मेजरच्या गल्लीतच. भरलेल्या अकरा भांड्यांची रांग, त्यातल्या सातांना शाली. साहेबांनी बराच वेळ बघितलं, मोबाईलवर फोटो काढला आणि वहीत लिहिलं. पंडितनं मान लांब करून वाचलं: 'गावात पाणी मुबलक. भांड्यांचे सत्कार चालू आहेत.'

तीन दिवसांत दोन कागद आले. एक ग्रामपंचायतीला: टँकर आता दोन दिवसाआड नाही, चार दिवसाआड. दुसरा मेजरला: 'आपणाकडे अतिरिक्त पाणीसाठा आढळला असून खुलासा करावा.'

गाव मेजरच्या दारात गोळा झालं. काल ज्यांना आपलं भांडं ओळखू येत नव्हतं त्यांना आज लांबून ओळखू आलं. "ही माझी." "तो हंडा आमचा, नाव बघा की." पाण्यासकट अकरा भांडी अर्ध्या तासात उचलली गेली. एक शालही गेली. मेजर दारात हात मागे बांधून उभे होते. सगळे गेल्यावर त्यांनी आतून काळी ट्रंक ओढत बाहेर आणली. अक्षय तृतीयेला अजून चार दिवस होते, पण ते उद्याच्याच एसटीनं निघणार होते. आत मल्लम्मा उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही हातांनी चौकट धरून.

हे सगळं माझ्या एका घागरीनं केलं होतं. मी घरी गेलो, वहाणा घातल्या आणि करकर वाजवत परत आलो. दार वाजवलं.

"मेजर, पहिली घागर माझी होती."

मेजर ट्रंकेत कपडे रचत होते. वर न बघता म्हणाले, "पाचवे."

"काय पाचवे?"

"दुपारपस्नं ह्ये कबूल करणारे तुमी पाचवे. समद्यास्नी माझ्या जाण्याचं पाप एकट्याच्या डोक्यावर घ्यायचंय. गाव चांगलं हाय."

"मोहनराव पण आले होते?"

"ते आलते. ते म्हनले, माझी न्हवती. पयल्या दिसापस्नं तेच म्हनायलेत, कुणी ऐकत न्हाई."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

पुरावा काय द्यायचा? मी ओट्यावर बसलो, वहाणा काढल्या आणि दोन्ही तळवे त्यांच्यापुढे केले. फोड फुटून कातडी निघालेली. मेजर खाली बसले. नकली पाय बाजूला सरळ ठेवून त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि डॉक्टर बघतो तसा बघितला.

"कवाचं हे?"

"चौदा दिवस झाले."

"चौदा दिस!" मेजर पहिल्यांदाच ओरडले. "अण्णा, फौजेत असता तर तुमाला कोठडीत घातलं असतं. पाय हाय तवर पायाची किंमत ठिवावी माणसानं." त्यांनी ट्रंकेतून मलमाची डबी काढली आणि लावायला लागले. मी पाय ओढायला गेलो. त्यांनी घोटा असा धरला की मी हललो नाही. मदत करायला मी गेलो होतो आणि मलम मला लागत होतं.

"एक इचारू?" मेजर म्हणाले. "शाल द्यायची तवा पन्नास माणसं येत्यात, माईक लावून. पाणी ठिवायचं तवा पळून जाता. या दोन्हीच्या मधलं काई येत न्हाई का गावाला? कवाड वाजवायचं. म्हनायचं, मेजर, घागर आणलीया."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हनलो असतो. मंग तुमी 'घ्या की' म्हनला असता. मी पुन्यांदा न्हाई म्हनलो असतो. तिसऱ्यांदा घेतली असती. पाव्हण्याला जेवायला बी आपून तीनदा आग्रह करतो. मला कुणी एकदाबी केला न्हाई."

मल्लम्मा उंबऱ्यावरून म्हणाली, "त्येला घागर नको हाय रं, रामहरी. त्येला काम पायजे. रिकामा बसून ट्रंक भरतोय नुसता."

मग मला सुचलं. मोठं काही नव्हतं, त्या विहिरीवर रोज दिसतच होतं. "मेजर, दोर ओढू नका. लाईन लावा. आता टँकर चार दिवसाआड. परवा काठावर मारामारी होणार, एखादं लेकरू आत पडणार. लाईन लावता येणारा माणूस गावात एकच आहे."

मेजरनी डबीचं झाकण लावलं. "हुकूम कुणाचा?"

"हुकूम?"

"माझ्या मनानं मी गावाला उभं करणार न्हाई. लेखी हुकूम पायजे."

ग्रामसेवकांना विचारलं. ते म्हणाले, हुकमाला ठराव हवा, ठरावाला ग्रामसभा हवी, ग्रामसभेला माणसं हवीत आणि माणसं पाणी शोधायला गेलीत. म्हणून मी संस्थेत गेलो, दूध संस्थेचा छापील कागद घेतला आणि माझ्या हातानं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हवालदार सिद्धलिंग यांनी परवापासून गावविहिरीवर लाईन लावावी. लाईन मोडील त्याला पाणी नाही. यात संचालकही आले.' खाली पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

उत्तरेश्वर म्हणाले, "इहिरीवर दूध संस्थेचा काय अधिकार?"

"दुधात इतकी वरसं पाणी घालणाऱ्यांचा पाण्यावर अधिकार न्हाई तर कुणाचा?" दारातून पंडित म्हणाला.

उत्तरेश्वरनी नाराजीनं जावक क्रमांक टाकला. शिक्का चेअरमनच्या खणात होता. मोहनरावांनी कागद वाचला, माझी सही बघितली आणि शिक्का मारला. जरा जोरातच मारला.

मेजरनी हुकूम दोनदा वाचला, चार घड्या करून खिशात ठेवला आणि ट्रंकेतून शिट्टी काढली.

टँकर आला त्या सकाळी विहिरीवर खडूच्या रेघा मारलेल्या होत्या. दोर दोनच. ओढायला चारचार माणसं पाळीपाळीनं. घराला एक घागर, मग दुसरा फेरा. उपसरपंच सवयीनं पुढे घुसले तेव्हा अशी शिट्टी वाजली की ते धोतर धरूनच मागे पळाले. एकसष्ट घरं एका ओळीत उभी राहिलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. मेजरची स्वतःची घागर एकसष्टावी, सगळ्यांच्या शेवटी ठेवलेली. तिच्याजवळ कोणी नव्हतं, कारण मेजर विहिरीच्या काठावर, लाईनीकडे पाठ न करता आणि घागरीकडे न बघता उभे होते.

भरलेली घागर घेऊन परत जायची वाट त्या शेवटच्या घागरीजवळूनच. मोहनरावांचा नंबर सोळा, माझा सतरा. ते भरून निघाले. एकसष्टाव्या घागरीपाशी थांबले, चप्पल नीट करतो असं दाखवत वाकले आणि आपल्या घागरीतून तांब्याभर पाणी तिच्यात ओतलं. इकडेतिकडे बघितलं आणि चालू लागले. मी त्यांच्या मागेच होतो. मीही ओतलं. माझ्या मागून केशरबाई येत होती. तिला वाटलं, हा लाईनीचा नियमच असावा. तिनंही ओतलं. आमच्या गावात तिघांनी केलं की ती रीत होते. चाळीसाव्या नंबरापर्यंत घागर काठोकाठ भरली. पुढच्यांनी वाहून जाऊ नये म्हणून शेजारी दुसरं भांडं ठेवलं.

साठ नंबरला विहिरीत गाळ लागला. मेजर शिट्टी खिशात ठेवून आपल्या घागरीकडे वळले आणि थांबले.

"कुणी भरली ही?"

गाव आभाळाकडे बघायला लागलं. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं.

"दुसरं कोण?" पंडित म्हणाला. "रामहरीअण्णांनी! म्या डोळ्यांनी बघितलं, वाकून ओतत होते. त्यांच्यापस्नं सुरू झालं."

"मी नाही," मी म्हणालो. "म्हणजे मी ओतलं, पण पहिल्यांदा..."

"बघा!" तीनचार जण एकदम म्हणाले. "करून वर न्हाई म्हनायचं!"

मी मोहनरावांकडे पाहिलं. ते आभाळाकडे बघत होते, आणि फार मन लावून बघत होते. मग मीही गप्प झालो.

अक्षय तृतीया आली आणि गेली. मेजरच्या ट्रंकेवर आता मल्लम्मा वाती वळत बसते. टँकर चार दिवसाआडच राहिला, खुलाशाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, आणि कॅनची माझी चौकशी चालूच आहे. गावात दोन गोष्टी मात्र पक्क्या झाल्या: पहिली घागर मोहनरावांनी ठेवली आणि पहिला तांब्या मी ओतला. दोन्ही साफ खोट्या आहेत आणि दोन्ही आम्ही किती वेळा नाकारल्या त्याची गणती नाही.

पुढच्या खेपेला लाईनीत उभं असताना मोहनराव मान न वळवता हळूच म्हणाले, "तुमची घागर माझ्या घरी पडलीया. कवा नेताय?"

"तुम्हीच दिलेली आहे. तुम्हीच आणून द्या."

"आलो तर चहा मिळंल का?"

"तीनदा नाही म्हणावं लागेल," मी म्हणालो.

तेवढ्यात काठावरून शिट्टी वाजली.

"सोळा! सतरा! लाईनीत गप्पा न्हाईत! तोंड पुढं!"

चेअरमन आणि संचालक, आम्ही दोघांनी तोंडं पुढे केली आणि गप्प उभे राहिलो. अठरा वर्षांत संस्थेच्या एकाही मीटिंगमध्ये हे कुणाला जमलं नव्हतं.